मास्तरकीची मुलाखत आणि चार बशा पोहे

जळगाव जामोद,
गुरुवार, ता. ३० मे १९६३

तीर्थरूप मार्तंडमामांच्या पायांवर भाचा चिंतामण डोकं ठेवतो आणि लगेच उचलून लिहायला बसतो, कारण सांगण्यासारखं फार साचलं आहे. विमलमामींची कंबर आता कशी आहे? एरंडेलाचा शेक चालू असेलच. जानेफळच्या विहिरीला पाणी आहे की अजून खालच्या मळ्यातून आणावं लागतं? इकडे सगळं खुशाल. अण्णांचा राग खुशाल आहे, आईची काळजी खुशाल आहे, म्हैस परवा व्याली तीही खुशाल आहे. खुशाल नाही तो फक्त मी. आणि मामा, रागावू नका, पण याला निम्मे जबाबदार आपण आहात. (निम्मे म्हणतो ते वडीलकीचा मान राखून. आई पाऊण म्हणते.)

बोरखेडीच्या मुलाखतीचं काय झालं ते कळव, अशी आपली दोन कार्डं आली. कळवलं नाही, कारण काय झालं ते मलाच आठ दिवस कळलं नव्हतं. आपल्याला ठाऊकच आहे की ही माझी आठवी मुलाखत. पहिल्या सातांचा इतिहास मी सांगत नाही. एका ठिकाणी मी अदबीनं खुर्ची ओढून बसलो ती चेअरमनची निघाली, एका ठिकाणी 'आपल्यातला दुर्गुण सांगा' म्हणाले आणि मी तीन सांगितले, असल्याच सगळ्या गोष्टी. म्हणून तर चैत्रात अण्णांनी तंबी दिली, की ही आठवी शेवटची. मास्तरकी मिळाली तर ठीक, नाहीतर एक जूनपासून रामरावकाकांच्या सरकीच्या दुकानात बसायचं. बी.ए. झालेल्या माणसानं, मामा, सरकी जोखायची! गावातल्या म्हशींनी मला डिग्रीसकट ओळखायचं! झोप उडाली माझी. आणि अशा वेळी आपलं ते सात पानी पत्र आलं.

ते पत्र मी पाठ केलं. मेहकरच्या कचेरीत एकतीस वर्षं हेडक्लार्की केलेला माणूस लिहितो की, 'माणूस दारातून टेबलापर्यंत येतो तेवढ्यात त्याचं भलंबुरं ठरून गेलेलं असतं', तेव्हा भाच्यानं ते मानायचं नाही तर कोणी? काळा कोट घाल, म्हणालात. घातला. (मे महिना आहे हे आपण लिहिताना विसरलात, मी घालताना विसरलो नाही.) पहिल्या दिवशी उलट प्रश्न विचारू नको, विचारतील तेवढ्याचं उत्तर दे. पुढे येईल ते नाकारू नको. पगाराचा आकडा आपल्या तोंडानं काढू नको. आणि सगळ्यांत मोठं कलम म्हणजे दुसरा उमेदवार पोचायच्या आत पोच, कारण साहेबलोकांच्या डोळ्यांत पहिला माणूस राहतो, दुसरा फक्त दिसतो. मामा, या पाचही कलमांचं मी तंतोतंत पालन केलं. एखादं मोडलं असतं तरी आज मी मास्तर असतो.

रविवारी, एकोणीस तारखेला, सकाळच्या पहिल्या एस.टी.नं निघालो. आपण पाठवलेला कोट पार्सलातून काढला तेव्हा त्यात डांबराच्या गोळ्यांचा एवढा वास होता की कंडक्टरनं तिकीट फाडताना तोंड खिडकीकडे केलं. माझ्याशेजारी एक गृहस्थ येऊन बसले. माझ्याच वयाचे, पांढरी कडक इस्तरीची पँट, केसांना तेल, मांडीवर फाईल, आणि चेहऱ्यावर तो भाव, जो मी सात मुलाखतींच्या बाकांवर पाहिला आहे. घसा खाकरायचे, ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकायचे, पुन्हा खाकरायचे. मी मनात म्हटलं, हा आला आपला दुसरा उमेदवार. नांदुऱ्याला गाडी बदलली तर हेही बदलले. वडनेर भोलजीला उतरलो तर हेही उतरले. तिथून बोरखेडी कोसभर, पायी. फाट्यावर उभे राहून ते मला विचारतात, 'हिंमतरावांचं घर कुठं आहे हो?' मामा, माझ्या कॉलवर स्वच्छ लिहिलं होतं की मुलाखत संस्थेचे अध्यक्ष हिंमतराव यांच्या राहत्या घरी, सकाळी दहा वाजता. मला आपलं पाचवं कलम आठवलं. मी त्यांना अगदी गोड आवाजात सांगितलं, 'आज सगळं शाळेत आहे. गावाला वळसा घालून माळावर जा, कौलारू इमारत दिसेल.' ते आभार मानून गेले. बिचारे फाईल छातीशी धरून माळ चढत होते, आणि मी कोट सावरत गावात शिरलो. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाच्या तरी पुढे होतो. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

हिंमतरावांच्या दारात पोचलो तर अंगण सारवलेलं, दाराला आंब्याचा डहाळा, आणि एक गडी तांब्या घेऊन पाय धुवायला हजर. मला धक्काच बसला. सात संस्थांनी मला साधं पाणी विचारलं नव्हतं, इथं पाय धुतात! वाटलं, ही खरी शिक्षणाची कळकळ. आत बैठकीत जाजम, त्यावर गादी, लोड, आणि भिंतीला टेकून सहा म्हातारे, पांढऱ्या टोप्या घालून ओळीनं. मधोमध हिंमतराव. मी ओळखलं की हे कार्यकारी मंडळ. मला गादीवर बसवलं. (लोडाला टेकलो नाही. पाठ ताठ. आपण पाहायला हवे होते.) मग दहा मिनिटं सगळे नुसते माझ्याकडे पाहत राहिले, वरून खाली, खालून वर, आणि एक पुंजाजी म्हणून फार म्हातारे होते ते तर उठून माझ्या बाजूनं जाऊन कान पाहून आले.

शेवटी हिंमतरावांनी विचारलं, कुठून येणं झालं? म्हटलं, जळगाव जामोदहून. आडनाव? देशमुख. सगळ्यांनी माना हलवल्या. आता मामा, आपल्या भागात पाहुण्याला गाव आणि आडनाव विचारतात, तोंडावर नाव कोण विचारतो? आपणही कधी विचारलं नसेल. तिथंच सगळा घोळ झाला, पण ते पुढे. मग जमीन किती? चौदा एकर कोरडवाहू, अण्णांच्या नावावर. हे ऐकून म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पुंजाजी पुटपुटले, 'गरीब स्वभावाचं दिसते पोट्टं, कमी करून सांगून राह्यलं.' भाऊ किती, बहिणी किती, आईचं माहेर कोणतं. इथं मी आपलं नाव असं छाती फुगवून सांगितलं, की जानेफळचे मार्तंडराव, हेडक्लार्क, माझे सख्खे मामा! मंडळ खूश झालं. मग विचारतात, तुमचं देवक कोणतं? इतिहास-मराठीच्या मास्तराला देवक कशाला लागतं, असं क्षणभर मनात आलं, पण उलट प्रश्न विचारायचा नाही हे आपलं दुसरं कलम. सांगितलं, पंचपल्लव. हिंमतराव म्हणाले, आमचं सूर्यफूल. तंबाखू? नाही. बिडी? नाही. पत्ते? गणपतीत, तेही बिनपैशाचे. आणि मामा, खरं सांगतो, मला यात काहीच वावगं वाटलं नाही. आपल्या वऱ्हाडात मास्तर घ्यायचा असो की बैल की जावई, माणसं हेच विचारतात, याच क्रमानं विचारतात, आणि असंच जाजम अंथरून विचारतात. पुण्याचा कोणी असता तर दोन मिनिटांत उठून म्हणाला असता, अहो काहीतरी चुकतंय. आपल्या माणसाला कळावं कसं?

तेवढ्यात पोहे आले. नाकारायचं नाही, तिसरं कलम. खाल्ले. बशी रिकामी झाली की पडद्याआडून एक बांगड्या भरलेला हात येई आणि ती पुन्हा भरून जाई. तो हात हिंमतरावांच्या बहिणीचा, गोजरबाईंचा. चार बशा झाल्या. कोटाची गुंडी तुटली, ती मी गादीखाली सरकवून दिली (ती आपली पाठवीन, सापडली तर). मग हिंमतराव जरा पुढे सरकून, आवाज खाली आणून म्हणाले, 'आता स्पष्ट बोललेलं बरं. तुमची अपेक्षा काय?' चौथं कलम! मी हात जोडून म्हटलं, 'माझी काहीएक अपेक्षा नाही. आपण द्याल ते. नाही दिलं तरी तक्रार नाही. फक्त एक विनंती, मला कायम करा.' पडद्यामागून गोजरबाईंनी नाक ओढलं. हिंमतरावांना हसावं की रडावं कळेना. म्हणाले, 'अहो, कायम नाई तं काय, आम्ही का वर्षभरासाठी देऊन राह्यलो?' मामा, परिवीक्षेचं वर्षसुद्धा माफ! मला वाटलं, मामांच्या सात पानांपुढे सरकारी नियम वाकले.

आणि मग ती आली. डोक्यावर पदर, हातात चहाचं तबक. माझ्या समोर पाट मांडला होता त्यावर बसली. वय एकोणीस-वीस. मी लगेच ताडलं की हा नमुना पाठ. विद्यार्थिनी आणून बसवली आहे, शिकवून दाखवा म्हणतील. (वय जास्त वाटलं, पण खेड्यात मुली उशिरा शाळेत जातात, हे मी स्वतःला समजावलं. नेसून आली होती ती नारिंगी रंगाची साडी फार नवी होती, त्याचंही मी स्वतःला काहीतरी समजावलं.) हिंमतराव म्हणाले, विचारा काय विचारायचं ते. मी नाव विचारलं. प्रतिमा. म्हटलं, एकोणतीसचा पाढा. तिनं मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिलं, कसं पाहिलं ते मी लिहू शकत नाही, आणि पाढा धडाधड म्हटला. म्हटलं, जिल्ह्यातल्या नद्या. पूर्णा, पैनगंगा, नळगंगा, ज्ञानगंगा, वान. नळगंगा कुणाला मिळते? पूर्णेला. मग तिनंच मला विचारलं, 'आणि वान कुठून निघते हो?' मामा, मी इतिहासाचा माणूस. मी म्हटलं, ते पुढच्या इयत्तेत येईल. पडद्यामागं खसखस पिकली.

शिकवून दाखवा असं कोणी म्हणेना, म्हणून मीच सुरू केलं. पानिपत घेतलं. चिवड्याची बशी म्हणजे अब्दालीची छावणी, खारकांची मराठ्यांची, सुपारीची खांडं म्हणजे गारद्यांच्या तोफा, आणि पाण्याचा तांब्या म्हणजे यमुना. वीस मिनिटं मी असा बोललो की कोटातला घाम मला जाणवला नाही. म्हातारे लोड सोडून गुडघ्यावर आले. रसद तुटली तिथं एकानं टोपी काढून डोळे पुसले. पुंजाजी तर चिवड्याच्या बशीवर धावून गेले, 'मारा त्याले! काऊन उभे राह्यले बे सगळे?' आणि त्या मुलीनं हळूच हात पुढे करून अब्दालीच्या छावणीतले चार शेंगदाणे उचलून खाल्ले. तेवढ्यात माझी तारीख चुकली. एकदाच.

धडा संपला. हिंमतरावांनी विचारलं, मग काय विचार तुमचा? मी एक जबाबदार शिक्षक म्हणून अभिप्राय दिला, 'मुलगी हुशार आहे. पाया पक्का आहे. मी घ्यायला तयार आहे.' झालं! एकदम गलका. कोणी साखर तोंडात कोंबली, गोजरबाईंनी बाहेर येऊन कपाळाला एवढं मोठं कुंकू लावलं, हातात नारळ, डोक्यावर टोपी, खांद्यावर दुपट्टा. मी सगळ्यांच्या पाया पडत सुटलो. मास्तराची एवढी कदर करणारी संस्था अख्ख्या महाराष्ट्रात नसेल असं मला वाटलं, आणि सांगायला हरकत नाही, माझे डोळे भरून आले. अण्णांना काय सांगायचं, ते मी मनात जुळवायलाही लागलो होतो.

आणि नेमके त्याच वेळी मुख्याध्यापक भगवानराव दारातून ओरडत आले, 'साहेब, मास्तर भेटला! गणिताले हिरा भेटला, हिरा!' आणि त्यांच्यामागे, खडूनं पांढरे झालेले, फाईल काखेत, चेहऱ्यावर लाजरं हसू घेऊन, माझे एस.टी.तले शेजारी.

आता मामा, शांतपणे ऐका. त्या गृहस्थांचं नाव रंगराव देशमुख. पाटबंधाऱ्यात ओव्हरसियर, नोकरी जळगाव जामोदला, घरची साठ एकर जमीन. ते उमेदवार नव्हते. ते हिंमतरावांची मुलगी पाहायला आले होते. नव्या विचारांचे म्हणून, 'आधी मी एकटाच येईन, वडीलधारी मागून', असं त्यांनी कळवलं होतं. आणि घरी पाहुणे यायचे म्हणून हिंमतरावांनी मुलाखत आयत्या वेळी शाळेत ठेवली, तसं मला कार्डही टाकलं. ते कार्ड मला सोमवारी मिळालं. म्हणजे मी ज्याला खोटं सांगून शाळेत पिटाळलं, तेच खरं होतं! आयुष्यात एकदा लबाडी केली, तर तीसुद्धा सत्य निघावी, हे कोणाच्या नशिबी येतं?

शाळेत रंगरावांना भगवानरावांनी आणि दोन सभासदांनी बसवून गाव, आडनाव, जमीन, भाऊ, तंबाखू, सगळं विचारलं. ते बिचारे समजले, मुलीकडची मंडळी. इतिहास शिकवाल का, म्हणाले. रंगराव म्हणाले, इतिहास येत नाही, गणित येतं. मग उभं राहून फळ्यावर दाखवा, म्हणाले. रंगरावांना वाटलं, घर फार कडक आहे. त्यांनी तासभर वर्तुळाची प्रमेयं सोडवली. संस्थेला गणिताचा मास्तर तीन वर्षं मिळत नव्हता, भगवानरावांना रडू यायचं बाकी होतं. त्यांनी ऑर्डर लिहून पाकिटात घालून दिली. रंगराव पाकीट खिशात ठेवून हळूच म्हणाले, मुलगी केव्हा दाखवता? भगवानराव म्हणाले, मुली चौदा आहेत, शाळा उघडली की सगळ्याच दिसतील.

बैठकीत हे सगळं उलगडायला पाव तास लागला. हिंमतरावांचा चेहरा आधी पांढरा, मग तांबडा. माझ्याकडे वळून म्हणाले, 'मंग तू कोन आहेस बे?' (अहोजाहो संपलं होतं.) मी कॉल काढून दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. फाट्यावर रस्ता कोणी सांगितला, असं रंगरावांना विचारल्यावर त्यांनी नुसतं माझ्याकडे बोट केलं. मामा, जमीन दुभंगली असती तर मी कोटासकट आत गेलो असतो. मी कबूल केलं. सगळं कबूल केलं, आपली पाच कलमंसुद्धा. हिंमतराव म्हणाले, 'बाहेर हो.' तर गोजरबाई कमरेवर हात ठेवून आडव्या आल्या, 'मी कुंकू लावलं त्याले. कुंकू लावलेला मानूस असा हाकलून देत नसतात दादा.' त्यावर बहीणभावाची जी जुंपली तिचा शेवट हिंमतरावांनी असा केला, की ज्याला माझ्या शाळेत मास्तर व्हायचं त्यानं व्हावं, ज्याला जावई व्हायचं त्यानं व्हावं, पण दोन्ही एकाला मिळणार नाही. जावयाला शाळेचा पगार चालू केला तर उद्या गाव म्हणेल, हिंमतरावानं लेकीचा संसार सरकारी ग्रँटवर मांडला. हे त्यांनी आम्हा दोघांनाही ऐकवलं आणि आत निघून गेले. ती मुलगी केव्हाच आत गेली होती.

परतीच्या गाडीत पुन्हा आम्ही दोघे शेजारी. माझ्या कपाळावर कुंकू, त्यांच्या बाहीवर खडू. नांदुऱ्याला गाडी बदलली. मग ते म्हणाले, 'मुलगी कशी आहे?' मी म्हटलं, 'नद्या पक्क्या आहेत.' थोड्या वेळानं मी विचारलं, 'शाळा कशी आहे?' म्हणाले, 'खिडक्या मोठ्या आहेत.' मग त्यांनी खिशातली ऑर्डर काढून पुन्हा एकदा वाचली. सहा वर्षं पाटचाऱ्या मोजतो आहे, म्हणाले, कोणी मला कधी हिरा म्हटलं नाही. मामा, तो माणूस ओव्हरसियरी सोडून मास्तरकीवर रुजू होतो आहे! साठ एकरवाला! त्याच्या घरी काय आकांत चालला असेल तो त्यांचा त्यांना ठाऊक.

राहिलो मी. आठ दिवस अण्णांशी बोललो नाही, अण्णा बोलले तेवढं पुरलं. रामरावकाकांनी दुकानात माझ्यासाठी नवी गादीसुद्धा शिवून ठेवली. आणि मंगळवारी हिंमतरावांचं कार्ड आलं. मोजून पाच ओळी. इतिहास-मराठीची जागा अजून रिकामी आहे. गावातले म्हातारे रोज दारात येऊन विचारतात, की पानिपतानंतर काय झालं ते सांगायला तो मास्तर केव्हा येतो. तेव्हा मास्तर म्हणून येणार की कसं, ते रविवारपर्यंत कळवावं. एकच काय ते कळवावं.

आता आपणच सांगा, यात विचार करण्यासारखं काय आहे? आठ मुलाखतींनंतर नोकरी दारात आली आहे. सरकी टळली. अण्णा काल स्वतःहून माझ्याशी बोलले, पेढे आणले, रामरावकाकांना नवी गादी परत न्यायला सांगितली. मी मास्तर म्हणून जाणार, हे ठरलं. सोयरिकीचा प्रश्नच नाही, मी असल्या गोष्टींकडे गंभीरपणे पाहणारा माणूस आहे. मुलीचं काय, मुली पुष्कळ आहेत. शेंगदाणे काय कोणीही उचलून खातं. तरी आपण माझी काळजी करू नये, आशीर्वाद असू द्यावा, आणि पुढच्या कोणा उमेदवाराला सात पानी पत्र लिहू नये. मामींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक (तोच तर घोटाळा झाला) भाचा,
चिंतामण

ता. क. सहज विचारतो, पंचपल्लव आणि सूर्यफूल ही देवकं एकमेकांना चालतात का? इतिहासाच्या दृष्टीनं माहिती हवी आहे. विमलमामींना ठाऊक असेल, उलट टपाली कळवावं.

ता. क. २. वरचं पत्र पाकिटात घालून डिंक लावला होता, ते पुन्हा फोडलं. दुपारच्या टपालानं गोजरबाईंच्या नावानं एक पाकीट आलं. अक्षर गोजरबाईंचं नाही, त्या अंगठा लावतात. जसंच्या तसं उतरवून देतो:

'बाबांनी आपल्याला मास्तर म्हणून बोलावलं असं ऐकते. आनंद आहे. एक गोष्ट सांगायची राहिली. बाबांनी पाहुण्यांचा सात-बारा मागवून पाहिला होता, फोटो पाहिला नव्हता. फोटो आठ दिवसांपासून माझ्या पेटीत होता. आपण अंगणात पाय धुवत होता तेव्हाच मला कळलं होतं, की हे ते नव्हेत. बाकी शाळेत आपली भेट होणार नाही. मी मॅट्रिक झालेली आहे. प्रतिमा.'

मामा, ती एका शब्दात सगळं थांबवू शकत होती. एकोणतीसचा पाढा सांगितला, पाच नद्या सांगितल्या, आणि तेवढं एकच सांगितलं नाही.

ता. क. ३. आत्ताच पोस्टात जाऊन हिंमतरावांना तार करून आलो, की मास्तरकी नको. रविवारी तुम्ही बोरखेडीला जाऊन बाकीचं बोलायचं आहे. पण त्याआधी, शनिवारी, तुम्हाला इकडे यावं लागेल. तारेचं अण्णांना अजून माहीत नाही, ते तुम्हीच सांगा. ते अजून पेढे वाटत आहेत.